विमानाची फिल्म, चिंचेखालचं घर

थंडीत लोकांना डिंकाचे लाडू आठवतात, मला ओली पोती आठवतात. बादलीतलं पाणी बोटांना बोचायला लागलं, सिंधीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत सकाळी शेकोटीभोवती म्हातारे जमायला लागले, की मी स्टुडिओच्या मागच्या खोलीत दोन पोती भिजवून दोरीवर टाकते. फरशीवर पाणी शिंपडते. अंगातला स्वेटर काढून बाहेरच्या खुंटीला अडकवते आणि दार लावून घेते. पुढच्या काउंटरवरून प्रकाशचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, आवाज येतो, "झालं हिचं चालू. आता दोन घंटे बाईसाहेब भेटायच्या नाहीत." गिऱ्हाईक हसतं. हसू दे. यंदाही मी पोती भिजवली आहेत.

आमचा स्टुडिओ बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात आहे. पाटीवर 'फोटो' हा शब्द मोठा आहे, पण पोट भरतं ते झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पासपोर्ट फोटोंवर. ते खातं प्रकाशचं. मागची बिनखिडकीची खोली माझी आणि तिच्यातला लाकडी कॅमेराही माझा, वडिलांकडून आलेला. तीन पायांवर उभा राहतो. पुढे पितळी भिंग, मधे चामड्याचा भाता, मागे दुधी काच. डोक्यावर काळं कापड घेऊन त्या काचेत बघायचं, तर समोरचं जग तिच्यात उलटं लटकलेलं असतं. या कॅमेऱ्यात साधं रीळ जात नाही. आठ बाय दहा इंचांची एकच सुटी फिल्म होल्डरमध्ये भरायची, एक फोटो काढायचा, मग दुसरी भरायची. अशी सुटी फिल्म आता आमच्या मुलखात मिळत नाही, आणि परदेशातून मागवायची ऐपत पासपोर्ट फोटोंतून येत नाही. कॅमेरा पुढे काउंटरवर शोभेला ठेवू, असं प्रकाशनं सुचवलं होतं. लोक त्याच्याजवळ उभे राहून सेल्फी काढतील म्हणाला. मी म्हटलं, दुभती गाय कुणी शोभेला बांधत नाही. तो म्हणाला, दुभती कुठली, भाकड आहे. त्यावर आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

मग इंदूरच्या भंगारबाजारात मला तो पत्र्याचा डबा सापडला. विकणाऱ्याला वाटत होतं, आत कसलीतरी मोटर आहे. आत होती विमानातून जमिनीचे फोटो काढायची फिल्म. पूर्वी विमानाच्या पोटात मोठा कॅमेरा बसवायचे आणि खालची शेतं, नद्या, गावं टिपत जायचे, नकाशे करायला. आता ते काम ड्रोन करतात, म्हणून फिल्म भंगारात. मुदत केव्हाच उलटून गेलेली. एकसंध गुंडाळी, रुंदीला वीतभराहून थोडी जास्त, आणि लांबी एवढी की उलगडली तर आमच्या गल्लीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जाईल. माझ्या कॅमेऱ्याला ती पुरून उरणार होती. फक्त कापायची होती.

डबा घरी आणला आणि कपाटावर ठेवून दिला. तिच्यावर काय काढायचं, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते ठरवलं माझ्या आत्यानं. खरं तर ड्रोननं.

त्या वर्षी आत्याचं घर हरवलं. घर जागच्या जागी होतं, आत्या घरात होती, चूल पेटत होती, पण नकाशात घर नव्हतं.

कमलआत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. चांदनी स्टेशनवर उतरून रुळांच्या कडेनं चालत गेलं की तिचं गाव लागतं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तुम्ही लगेच फोन काढून नकाशात बघाल, आणि माझा सगळा राग त्याच सवयीवर आहे. गावाच्या टोकाला चिंचेचं थोराड झाड आहे आणि त्याच्या खाली, कोंबडीच्या पंखाखाली पिलू बसावं तसं, आत्याचं दोन खोल्यांचं घर. तिनं आणि तिच्या यजमानांनी विटा थापून स्वतः बांधलेलं. यजमान गेले, पोरं झालीच नाहीत, राहिली ती, घर आणि चिंच.

तर गावात ड्रोन येणार होता. तो वरून घरं बघणार, त्यांच्या हद्दी आखणार आणि ज्याचं घर त्याला हक्काचा कागद मिळणार, असं सांगण्यात आलं. आपापल्या जागेभोवती चुन्याची रेघ मारा, म्हणजे वरून नीट दिसेल, असंही सांगितलं. आत्यानं मारली. जन्मभर दारात रांगोळी घातलेली बाई, तिची रेघ कशी असेल ते सांगायला नको. ड्रोन भुंग्यासारखा गुणगुणत आला आणि गेला. दिवाळीनंतर पंचायतीच्या भिंतीवर नकाशा लागला. सगळ्या गावाची छपरं चौकोन होऊन आली होती. आत्याच्या जागी एक हिरवा गोळा होता. मोकळी जागा, एक झाड. मोकळी म्हणजे सरकारी. संक्रांतीनंतर हरकती ऐकायचं शिबिर होतं, आणि तिथं घर सिद्ध झालं नसतं तर तो हिरवा गोळा कायमचा झाला असता. म्हातारपणी आत्याचं स्वतःचं घर दुसऱ्याच्या जागेवर उभं राहिलं असतं.

तोडगा लगेच निघाला. फांद्या छाटा, ड्रोन परत उडवू. गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी माना डोलावल्या. फांद्या काय, परत येतात. आत्या मला फोनवर म्हणाली, "झाड तोडलं की घर दिसन, बरोबर हाये. पन मंग त्या घरात राहीन कोन? मे महिन्यात तव्यावर बसू का मी? आज म्हनतात फांदी तोड, उद्या म्हनतीन छप्पर काढ, तू आत दिसत नाही." फोनमधून तिच्या मागे मालगाडी जाताना ऐकू येत होती. "वरून दिसत नाही तं खाली या म्हना. पाय नाहीत का त्यायले?"

उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं आपल्याकडे कधीच कमी नव्हती, पण आता उंटही उडायला लागला होता. मला आत्याचा अभिमान वाटला आणि भीतीही. अभिमान वाटणं सोपं असतं, आपलं घर शाबूत असताना.

प्रकाशनं त्याच्या पद्धतीनं मदत केली. चांदनीला जाऊन आला, मोबाईलवर घराचे चारी बाजूंनी फोटो काढले आणि पंचायतीत पाठवले. "मामला खतम," म्हणाला. मामला खतम झाला नाही. तिथून उत्तर आलं, फोटोचं काय घेऊन बसलात, आजकल तो कुछ भी बन जाता है. मला राग आला, पण खोटं तरी कसं म्हणू? आमच्याच काउंटरवर लोक वारलेल्या वडिलांना पोरीच्या लग्नाच्या फोटोत उभं करून घेऊन जातात. प्रकाशच करून देतो, आणि इतकं बेमालूम की पोरगी तिथंच रडायला लागते.

तेव्हा मी कपाटावरचा डबा खाली काढला. निगेटिव्ह घरबसल्या बनत नाही. तिला त्या जागी जावं लागतं, त्या भिंतीसमोर उभं राहावं लागतं, त्या भिंतीवरून आलेला उजेड स्वतःच्या अंगावर घ्यावा लागतो. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात थोडा खोडसाळपणाही होता. आभाळातून जमीन बघायला जन्मलेल्या फिल्मला मला आत्याच्या अंगणात उभं करायचं होतं. बघ म्हणावं, हे असं असतं खाली.

"अगं यार," प्रकाश म्हणाला, "जिथं मोबाईल चालला नाही, तिथं तुझी जुनी फिल्म चालणार?"

"नाही चालली तर नाही चालली," मी म्हटलं. "माझ्याजवळ जे आहे ते मी घेऊन जाणार."

फिल्म कापायची ती मिट्ट अंधारात. या फिल्मला लाल रंगही दिसतो, त्यामुळे डार्करूमचा लाल दिवासुद्धा चालत नाही. भर दुपारी, बाहेर बुधवाऱ्यात भाजीवाले ओरडत असताना, मी त्या खोलीत डोळे उघडे ठेवून आंधळी झाले होते. लॅमिनेशनचं कटर उचलून आत आणलं होतं. लाकडी पाटावर दोन पट्ट्या ठोकल्या होत्या, फिल्मचं टोक त्यांना टेकलं की माप बरोबर. तरी पहिल्या दिवशी मी फिल्मपेक्षा स्वतःच्या बोटांना जास्त जपत होते. सुट्या फिल्मच्या कोपऱ्याला खाच असते, बोटानं चाचपून कळतं की मसाल्याची, म्हणजे उजेड टिपणाऱ्या लेपाची, बाजू कुठली. विमानाच्या फिल्मला खाच कशाला असेल? ती गुंडाळीतून गुंडाळीत जायला बनवलेली. मग मी वडिलांची युक्ती केली. ओठ जरा ओला करायचा आणि फिल्मच्या कोपऱ्याला टेकवायचा. जी बाजू चिकटते ती मसाल्याची. पुढे हे आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हनजे अंधारात बसून फिल्मच्या पप्प्या घेतेस तू. अन् प्रकाशरावले चालते हे?"

अंगात स्वेटर होता, लोकरीचा, जाड. गुंडाळी सोडवताना मी घाईनं फिल्म ओढली आणि त्या काळोखात निळ्या ठिणग्या नाचल्या. चुर्र असा आवाजही आला. मला ते इतकं आवडलं की मी मुद्दाम परत ओढली. गाढवपणा दुसरा काय. कोरड्या हवेत असली पातळ फिल्म घासली की वीज तयार होते, आणि फिल्मला ठिणगी म्हणजे उजेडच. पण ते कळायला ती धुऊन निघावी लागते. त्या वेळी मी फक्त अंधारात बसून दिवाळी केली.

फिल्म पातळ तरी किती. होल्डरमध्ये भरली की मधोमध पोट काढायची आणि फोटोचा मध्यभाग धूसर यायचा. मागे दुहेरी चिकटणारी टेप लावून तिला सरळ केली. कापून उरलेल्या अरुंद पट्ट्यांवर मी स्टुडिओतच आधी चाचणी घेतली. ही फिल्म मुळातच मंद, त्यात म्हातारी, तिला उजेड प्यायला वेळ लागतो. वडिलांच्या भिंगाला शटर नाही. हातानं झाकण काढायचं, मनात सावकाश आकडे म्हणायचे, झाकण लावायचं. पहिल्या सगळ्या पट्ट्या थरथरलेल्या आल्या. मी भिंग पुसलं, कॅमेऱ्याच्या तिपाईचे स्क्रू आवळले, स्वतःला शिव्या दिल्या. मग शुक्रवारी दुपारी काढलेली एकच पट्टी अशी स्वच्छ आली की भिंतीवरच्या घड्याळाचे काटे वाचता यावेत. तेव्हा डोक्यात उजेड पडला. स्टुडिओच्या मागच्या भिंतीला लागून पॉवरलूम आहेत. आमचं लहानपण त्या खडखडाटात गेलं, आता तो आम्हाला ऐकूही येत नाही. शुक्रवारी नमाजाच्या वेळी माग थांबतात. तेवढाच वेळ आमच्या भिंती स्थिर असतात, आणि हे मला एका भंगारातल्या फिल्मनं सांगितलं.

चांदनीला मी पॅसेंजरनं गेले, कॅमेरा गोधडीत गुंडाळून. डब्यातल्या बायकांना वाटलं आत शिलाई मशीन आहे. त्यांची समजूत मोडायच्या भानगडीत मी पडले नाही.

आत्या अंगणात वाकून चुना घालत होती. पावसाळ्यात मारलेली रेघ ती अजून जगवत होती. रोज सडा घातला की रेघ पुसट होई, आणि रोज ती पत्र्याच्या डब्यातून चिमटीनं चुना सोडत घराला प्रदक्षिणा घाली. शेजारणींनी नाद लागला म्हणून सोडून दिलं होतं. "ड्रोन गेला की वं आत्या," मी म्हटलं. ती मान वर न करता म्हणाली, "ड्रोन गेला. मी तं हाये ना."

चिंचेखालचा उजेड हा फोटोग्राफरचा शत्रू. ऊन वर आलं की अंगणभर कवडसे सांडतात, एक ठिपका पांढराफेक, शेजारचा काळाकुट्ट. म्हणून सकाळी, ऊन पानांतून उतरायच्या आत, तापीकडून आलेलं धुकं अजून शेतांवर असताना, मी कॅमेरा लावला. काचेत घर उलटं लटकलं आणि त्याच्या खाली चिंच. आभाळ कुठंच नव्हतं. आत्या दारात बसली. नवं लुगडं नेसली होती, हात मांडीवर, नजर सरळ.

"हसू का?" तिनं विचारलं.

"नको. रागानं बघ."

"राग आनावा नाही लागत. तो हायेच."

झाकण काढणार तोच ती म्हणाली, "थांब. मालगाडी येऊ राहिली." मला काहीच ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळानं जमीन हलायला लागली, गाडी आली, संपता संपेना अशी गेली. पाण्याच्या बादलीतल्या लाटा थांबेपर्यंत आत्या तशीच बसून होती. मग म्हणाली, "हं. आता घे."

घरी येऊन फिल्म धुतली तेव्हा ठिणग्यांनी आपलं बिल पुढे केलं. घराच्या भिंतीवरून, छपरावरून, आत्याच्या कपाळावरूनसुद्धा, विजेच्या बारीक रेघा फुटल्या होत्या. एका खोडातून दोन, दोनातून चार, हुबेहूब फांद्या. मी रडकुंडीला आले. एकच बरं, की होल्डरमधल्या सगळ्या फिल्मा तशाच निघाल्या, म्हणजे अमुक एकच बिघडली म्हणून हळहळायला नको. दुसऱ्या फेरीत ती निगेटिव्ह आत्याला दाखवली. तिनं ती दाराच्या उजेडात धरली, डोळे बारीक केले आणि समाधानानं मान हलवली. "बघ," म्हणाली, "हिलेबी झाड दिसलं पह्यले. पन घर सोडलं नाही तिनं." ती निगेटिव्ह आजही तिच्या देव्हाऱ्याशेजारी टांगलेली आहे. दुसऱ्या फेरीसाठी फिल्म कापली तेव्हापासून मी पोती भिजवते, फरशीवर पाणी शिंपडते आणि थंडीनं कुडकुडत, स्वेटरशिवाय, हलक्या हातानं गुंडाळी सोडवते.

आणखी एक गोष्ट होती, तिच्यावर मी अजूनही विचार करते. या फिल्मचा स्वभाव कडक. नेहमीसारखी धुतली तर दोनच रंग जाणते, काजळी आणि चुना. मधलं काही नाही. हा तिचा दोष नव्हे, तिला तसं घडवलेलं आहे. फार उंचावरून पाहिलं की खालचं सगळं सपाट आणि भुरकट दिसतं. पेरलेलं शेत, पडीक शेत, घर, उकिरडा, सगळं एकाच राखेचं. मग फरक कळावा म्हणून फिल्मलाच कडक व्हावं लागतं, हे काळं, ते पांढरं, पुढं चला. जो लांबून बघतो त्याला असा पटकन निकाल द्यावाच लागतो. जवळ आलं की तो कडकपणा उपयोगाचा राहत नाही. आत्याच्या चेहऱ्यावर काळं किंवा पांढरं असं काहीच नाही, जे आहे ते सगळं मधलं. म्हणून मी डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं रसायन, पाण्यासारखा पातळ करत गेले. थंडीतलं गार पाणी, भरपूर वेळ, आणि ट्रे अगदी हळू हलवायचा, झोपलेल्या पोराचा पाळणा हलवतो तसा. उन्हाळ्यात बुऱ्हाणपूरचं पाणी एवढं तापतं की मसाला सुटून येईल, म्हणून हे काम थंडीतलंच. तास न् तास त्या फिल्मला मी गप्प बसून नरमाई शिकवत होते. नरम होणं म्हणजे हार मानणं असं काही जण समजतात. त्यांनी एकदा येऊन गार पाण्यानं भेगाळलेली माझी बोटं बघावीत.

शेवटी हवी तशी निगेटिव्ह आली, आणि तिच्यावरून काढलेल्या प्रिंटमध्ये सगळं होतं. भिंतीतली वीट न् वीट, कौलांवरचं शेवाळ, मीटरवरचा नंबर, तुळशीच्या कट्ट्यावरची पणती, आत्याच्या लुगड्याचा काठ. झाकण उघडं असताना वारा सुटला होता, म्हणून चिंचेची पानं धुरासारखी पसरली होती, आणि त्या धुराखाली घर खिळ्यानं ठोकल्यासारखं स्थिर. खाली अंगणात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चुन्याची पांढरी रेघ.

प्रकाशनं प्रिंट हातात घेतली आणि मोबाईलमधला घराचा फोटो तिच्याशेजारी धरला. मग म्हणाला, "मोबाईलमध्ये हे नाही आलं." एवढंच. मला ते पुरलं.

शिबिर पंचायतीच्या हॉलमध्ये होतं. टेबलामागे पटवारी साहेब, तरुण, स्वभावानं वाईट नव्हेत, दमलेले. समोर लॅपटॉपवर हिरवा गोळा. मी प्रिंट आणि निगेटिव्ह दोन्ही ठेवली. त्यांनी निगेटिव्ह उचलून खिडकीकडे धरली, जवळ नेली, लांब नेली. "बहुत बढ़िया है, मॅडम," म्हणाले, "लेकिन फोटो सबूत नहीं होता. सिस्टममध्ये जे वरून आलं, तेच धरावं लागतं. आप डाली कटवा दो, माँजी, मी स्वतः परत ड्रोन लावतो. एवढी काय जिद्द?"

मी बोलणार होते. आत्यानं माझ्या हातावर हात ठेवला. "मले ठाऊक हाये साहेब, हा सबूत नाही," ती म्हणाली. "हे आवतन हाये. तुमी घर पाहिलं ना यात? आता जेवाले या."

हॉलमध्ये हशा पिकला. साहेबही हसले, आणि हसता हसता परत खिडकीपाशी जाऊन निगेटिव्ह बघू लागले. ती चुन्याची रेघ निगेटिव्हमध्ये काळी दिसते, ठळक, न तुटलेली. तिच्यावर त्यांचं बोट फिरत होतं. मनात काय चाललं होतं ते मला ठाऊक नाही, आणि इथं मी ते बनवून सांगणार नाही.

त्याच आठवड्यात ते आले; मी कॅमेरा घेऊन आत्याकडेच होते. जेवायला नको म्हणाले, पाहणीला आलोय म्हणाले. आत्यानं त्यांना ओट्यावर चहा दिला आणि मग दाराशी उभं केलं, अगदी उंबऱ्याच्या पुढे, तिच्या नेहमीच्या जागी.

"आता तुमी इथं उभे हायेत ना साहेब?"

"हां माँजी."

"वरून दिसता का?"

त्यांनी वर पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. वर चिंचच चिंच होती, आभाळाचा तुकडा नाही. साहेब बराच वेळ मान वर करून उभे राहिले. मग पिशवीतून मोजायचा टेप काढला आणि एक टोक आत्याच्या हातात दिलं. दुसरं टोक धरून ते चुन्याच्या रेघेवरून चालत घराला वळसा घालून गेले.

नवा नकाशा उन्हाळ्यात लागला. झाड तसंच हिरवं आहे आणि त्याच्या पोटात एक छोटा चौकोन आहे, त्यावर आत्याचं नाव. गावातली बाकी सगळी घरं आभाळातून काढलेली आहेत. हे एकच घर पायी चालून काढलेलं आहे. प्रकाश म्हणतो, तुझ्या फिल्मनं काय केलं, काम तर टेपनं केलं. म्हणू दे. टेपला तिथपर्यंत आणलं कुणी?

आता गुंडाळी संपत आली आहे. नवी मिळेल असं वाटत नाही, भंगारबाजारात मी चौकशी करून थकले. लोक विचारतात, संपल्यावर काय करणार? संपेल तेव्हा संपेल. उरलेलीवर मी गावाकडची दारं काढते, आणि दारात बसलेली माणसं. त्यातलं एकही विमानातून दिसणार नाही याची मी खात्री करून घेते. यंदा आत्याचा फोन आला, "चिंच यंदा लदली हाये. येतेस ना तुझं मशीन घेऊन?" म्हणून ही पोती.

पण त्या हिवाळ्यातला मला सगळ्यात आवडणारा फोटो घराचा नाही. मोजणी झाल्यावर मी साहेबांना म्हटलं, थांबा, तुमचा आणि आत्याचा एक काढते. ते दाराशी आत्याशेजारी उभे राहिले, टेप अजून हातात. मी काळ्या कापडाखालून बघितलं. काचेत दोघं उलटे, पण बरोबरीनं. आत्या म्हणाली, मालगाडी येऊ राहिली. मग आम्ही तिघंही तसेच उभे राहिलो, गाडी जाईपर्यंत, जमीन थांबेपर्यंत.

"ये कौन सी फिल्म है, मॅडम?" साहेबांनी विचारलं.

"हवाई जहाजवाली," मी म्हटलं.

त्यांची मान आपोआप वर गेली.

"वर नाही, साहेब," मी म्हटलं, आणि झाकणावर हात ठेवला. "इकडं. समोर बघा."